पाठ लागू द्यायची न्हाई

आप्पांनी त्या गोऱ्या माणसाचा चेहरा नंतर बघितला, आधी कान बघितले. दोन्ही कान चेपून गोळा झालेले, भाकरीच्या उंड्यासारखे. आमच्या तालमीत कान मोडलेला माणूस आला की त्याला नाव-गाव विचारायच्या आधी बसायला घोंगडी टाकायची रीत होती. कान मोडायला मातीत वर्षं घालावी लागतात, ती कुणाला उसनी मिळत नाहीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून उतरले, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि मला म्हणाले, “दत्तू, घोंगडी आन. गडी तालमीतला हाय.” त्याला मोटारसायकलवर मागं बसवून आणणारा संपत म्हणाला, “आवं आप्पा, साहेब हायेत आमच्या कंपनीतलं. आयर्लंडचं. मशीन उचलताना खांदा निखळलाय त्यांचा.” आप्पा म्हणाले, “आसंल. आयर्लंडात तालीम नसती व्हय?”

संपत माझ्याच बाकावरचा, आमच्या गावातल्या बौद्धवाडीतला. शिरूरच्या बाजूला माळावर नवे नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात तो ऑपरेटर लागला होता, आणि इंग्रजी त्यानं शाळेत न शिकता त्या परदेशी लोकांच्या मागं फिरून फिरून कमावलं होतं. साहेबाचं नाव ओवेन. मशीन बसवायला म्हणून आला होता आणि शिरूरला भाड्याच्या बंगल्यात राहायचा. माणूस दरवाजाएवढा, पण वेदनेनं पांढरा पडलेला. आप्पांनी त्याचा हात हातात घेतला आणि संपतला म्हणाले, “इचार साहेबास्नी, घरी गुरं किती?” संपतनं विचारलं. ओवेन साहेब गोंधळला, पण बाप त्याचाही दूधवाला शेतकरी निघाला. तो बोटावर गाया मोजायला लागला, आणि तिसऱ्या का चौथ्या गाईला आप्पांनी हात असा काही फिरवला की कट् करून खांदा जागेवर. साहेब जे ओरडला ते पार वेशीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात. मग खदाखदा हसला आणि आप्पांच्या पाया पडायचं की हात मिळवायचा हे न कळून त्यानं त्यांना मिठीच मारली. आप्पांना आयुष्यात कुणी मिठी मारली नव्हती. ते फेटा सावरत म्हणाले, “बास बास. चहा घ्या.”

हे आमच्या घरी रोजचंच होतं. तळेगाव ढमढेऱ्याचा बाजार भरायचा त्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ओट्यावर माणसं येऊन बसलेली असायची. पोत्याखाली हात सापडलेला हमाल, बैलानं आपटलेला म्हातारा, जीपच्या टपावरून पडलेला कुणी तरणा. आंबेहळद, तुरटी आणि रक्तबोळाच्या लेपाचा वास आमच्या भिंतींनाच लागला होता; अजून पावसाळी हवेत तो येतो, निदान मला तरी येतो. आई चुलीपाशी बसून कान द्यायची. बाहेर एक माणूस ओरडला की ती आधणात एक कप पाणी वाढवायची. आप्पा पैसा घेत नसत. त्यांच्या वस्तादानं तशी शपथ घातलेली. बरा झालेला माणूस शनिवारी मारुतीला नारळ फोडायचा आणि अर्धा नारळ आमच्याकडं यायचा, त्यामुळं आमच्या कालवणात खोबरं कधी कमी पडलं नाही. वस्तादानं त्यांना आणखी एक सांगितलं होतं, ते ते आम्हाला दर दोन दिवसांनी ऐकवायचे: “जितं वरड हाय तितं आपला हात. ज्याला दुखतच न्हाई, त्याला हात लावायचा न्हाई. ते आपलं न्हवं.”

मी त्यांचा एकुलता एक. म्हणजे काय ते पैलवानाच्या घरात राहिलेल्यालाच कळेल. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि पायाचा अळणी रस्सा, संध्याकाळी पाट्यावर वाटलेले बदाम, आणि या सगळ्याच्या मध्ये जोर, बैठका, माती. बाकी डाव मला बरे-वाईट यायचे, पण आप्पांनी माझ्याकडून घटवून घेतला तो पूल. पाठीवर पडायची पाळी आली की डोकं आणि टाचा जमिनीवर रोवायच्या आणि मधल्या अंगाची कमान करायची, म्हणजे पाठ मातीला लागत नाही. पाठ लागली की कुस्ती गेली. मी कमान करून असायचो आणि आप्पा माझ्या पोटावर बसून निवांत चहा प्यायचे. “पाठ लागू द्यायची न्हाई. मान तुटली तरी चालंल.” आई आतून ओरडायची, “आवं, निजताना तरी टेकू द्या त्याला पाठ!” एवढं करून मी काही मोठा पैलवान झालो नाही. जत्रेत नारळावरच्या कुस्त्या मारायचो आणि जरा नावाचा गडी समोर आला की हरायचो. हरून आलो की आप्पा काही बोलायचे नाहीत, नुसतं जेवण झाल्यावर माझं ताट स्वतः उचलून न्यायचे. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारलेल्या परवडल्या असत्या.

खांदा बसवून घेतल्यावर ओवेन साहेब दर रविवारी तालमीत यायला लागला. आठ-दहा दिवसांत त्यानं आमच्या हातात एक लांबुळका चेंडू दिला. गावानं त्याचं नाव पपई ठेवलं. तो खेळ रग्बी. पपई काखेत मारायची, पळत सुटायचं, समोरचे अंगावर येणार, आडवे पाडणार; पुढं फेकायची नाही, फेकायची तर मागं. आमच्यासारख्या अंगानं दणकट आणि डोक्यानं मोकळ्या पोरांना याहून दुसरं काय पाहिजे? पण साहेब पळायला, धरायला काही शिकवेना. केंदूरच्या बाजूला नांगरून टाकलेलं एक रान होतं, तिथं नेऊन तो आम्हाला नुसता पडायला लावायचा. हनुवटी छातीला, अंग गोल, खांद्यावरून पाठीवर लोळायचं, पाठ खुशाल टेकवायची. “पीठ नीचे! पीठ नीचे!” म्हणून तो कोकलायचा. आम्ही सगळे तालमीतले. पाठ नीचे? पाय घसरला तरी आमची अंगं आपोआप कमान व्हायची. बांधावरनं जाणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एक म्हातारा रोज तिथं शेळ्या चारायचा, तो एकदा म्हणाला, “एवढा पगार घिऊन ह्यो गोरा पोरांना पडायला शिकिवतोय व्हय? आमची बिनपगारी पडत्यात की, दारूच्या दुकानाम्होरं!”

एकदा संपतनं त्याला विचारलं की पडण्यावर एवढा जीव का खातोस. तेव्हा तो बांधावर बसला आणि पहिल्यांदाच स्वतःचं सांगितलं, संपत जमेल तसं मराठीत आणत होता. तो गावच्या टीममधून प्रांताच्या टीममध्ये गेला, पुढच्या फळीत डोकं घालून ढकलायचं काम त्यानं वर्षानुवर्षं केलं, कान त्यातच मोडले. देशाचा हिरवा सदरा आयुष्यात एकदाच अंगावर चढला. खेळ संपत आला असताना आत सोडलं आणि पपई एकदाही हाताला लागली नाही. घरी गेल्यावर आई म्हणाली, टीव्हीवर तुझी पाठ दिसली. हे सांगताना तो हसला. मग खांदा पुन्हा पुन्हा निखळायला लागला आणि खेळ सुटला. पण पडायला शिकवण्याचं कारण ते नव्हतं. त्याच्या टीममधला एक मित्र मैदानात मानेवर पडला होता. “आम्ही त्याला हात धरून उठवला, चल म्हणालो, उभा राहा. दोन पावलं टाकली त्यानं. नंतर कधीच नाही.” एवढं बोलून साहेब उठला आणि म्हणाला, चला, पडा.

मी बरा खेळत होतो. बरा म्हणजे काय, चांगलाच खेळत होतो, आता या वयात खोटा विनय कशाला. कुस्तीत जे अंग मला दगा द्यायचं ते इथं माझं ऐकायचं. पुण्याहून निवड करणारा एक माणूस दौंडच्या सामन्याला मला बघायला येणार, असं साहेबानं सांगितलं आणि आमच्या घरात तो विषय शिजायला लागला. आप्पा आजवर एकाही सामन्याला आले नव्हते. “जितं पाठ टेकायला शिकिवत्यात तितं माझं काय काम?” आई एरवी त्यांच्यापुढं बोलत नसे, पण त्या सकाळी तिनं भाकरी परातीतच सोडली आणि म्हणाली, “जत्रंत लोकांची पोरं बघाय जाता. आपलं बघाय काय हुतंय? जावा एकदा.” आप्पा उठून गोठ्याकडं गेले. मी संपतबरोबर पुढं निघून गेलो.

दौंडला रेल्वे कॉलनीच्या मैदानावर सामना होता. समोर कॉलनीतली पोरं, बापजाद्यांपासून हॉकी-फुटबॉल खेळलेली, पायात बूट, आणि आम्ही निम्मे अनवाणी. ऊन चढलं होतं, कडेला गर्दी झाली होती, आणि पहिला डाव संपता संपता मला कडेला लाल फेटा दिसला. तालमीतली चार-पाच माणसं जीपमधून आली होती आणि त्यांच्या मध्ये आप्पा, हाताची घडी घालून. काय सांगू, छाती अशी भरून आली की श्वास घ्यायला जागा उरली नाही. दुसऱ्या डावात माझ्याकडं पपई आली, मी कडेनं सुटलो, दोघांना चुकवलं, आणि एका उंच पोरानं मला कमरेला धरून उचललं. मी मागं चाललोय हे मला कळलं. साहेबाचा आवाजही ऐकू आला, “पीठ! पीठ!” पण ज्या बाजूला तोंड होतं त्या बाजूला फेटा होता. आप्पांच्या देखत मी पाठ कशी टेकवू? डोकं रोवलं, टाचा रोवल्या, कमान केली. पाठ लागली नाही. तेवढ्या क्षणात मला त्याचा गर्वसुद्धा वाटला. मग तो उंच पोरगा माझ्यावर आला, त्याच्यावर दुसरा, आणि त्याच्यावर आमचाच एक.

माणसं बाजूला झाली तेव्हा मी उताणा होतो आणि मला काहीच दुखत नव्हतं. आभाळ दिसत होतं. मी उठायला गेलो आणि अंग उठलंच नाही. उठायला गेलो म्हणजे फक्त मनात गेलो. ओवेन साहेब कधी येऊन गुडघ्यावर बसला माहीत नाही, त्याचे दोन पंजे माझ्या कानांवर आले आणि डोकं कशात तरी आवळल्यासारखं घट्ट झालं. त्याचा चेहरा मला उलटा दिसत होता. तो संपतला ओरडून सांगत होता आणि संपत गर्दीला, “हात लावायचा न्हाई! कुनी हात लावायचा न्हाई! गाडी बघा, पुन्याला न्यायचाय!” आणि गर्दीतनं आमच्या तालमीतली माणसं बोलायला लागली, “आरं, पुन्याला कशाला? आप्पा हायेत न्हवं हितं!” “सरका, आप्पांना वाट द्या.” “बसवा आप्पा, कट्दिशी!”

आप्पा माझ्याशेजारी बसले. त्यांचा फेटा सुटलेला होता. त्यांनी साहेबाकडं न बघता म्हटलं, “हात काढा साहेब. माझं लेकरू हाय.” साहेबानं मान हलवली. “नहीं, आप्पाजी. नहीं.” मी म्हणालो, “आप्पा, माझं हात कुठं हायेत?” त्यांनी माझा उजवा हात उचलून माझ्या डोळ्यांपुढं धरला. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. त्यांनी माझं बोट चिमटीत धरून दाबलं, त्यांचं नख माझ्या कातडीत रुतलेलं मला दिसत होतं. “दुखतंय?” “न्हाई.” “हितं?” “न्हाई, आप्पा.” मग त्यांचा तोल गेला. ज्या माणसापुढं अख्खा शिरूर तालुका ओरडला, तो माणूस माझ्यापुढं हात जोडायला लागला. “वरड की रं, दत्तू. मला शिवी दे. आयमाय काढ माझी, पन वरड. एकडाव वरड रं बाळा.” मला ओरडता येत होतं. गळा चालू होता. पण दुखल्याशिवाय काय ओरडायचं? मी म्हणालो, “आप्पा, बसवा की. तुमी बसवा, मंजी हुईल.” मला अगदी खात्री होती. लहानपणापासून बघत आलेलो. ते बसवतील, कट् होईल, आणि मी उठून बसेन.

त्यांचे हात माझ्या जबड्याखाली आले ते मला कळलं, तेवढं अजून कळत होतं. साहेबाचे पंजे हलले नाहीत. दोघांची तोंडं माझ्यावर इतकी जवळ आली होती की आभाळ दिसेना. एकाचा घाम माझ्या डोळ्यांत, दुसऱ्याचा तोंडात. आणि मग आवाज झाला. कट्. बारीकच, पण मी तो हजारदा ऐकलेला. बसली! असं मला वाटलं, आनंदानं मी वाट बघायला लागलो, की आता हात येतील, पाय येतील. काही आलं नाही. साहेब आप्पांकडं बघत राहिला, आप्पा साहेबाकडं. आणि आप्पा हात काढून मागं सरकले, मातीत बसले, आणि हात धोतराला पुसत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, “वळखलं आप्पांनी. वरड न्हाई, तितं हात न्हाई.”

रुग्णवाहिका दौंडात तेव्हा मिळाली नाही. कॉलनीतल्या पोरांनी कुणाच्या तरी घराचा दरवाजा बिजागऱ्यांसकट काढून आणला, कांद्याच्या पोत्यांचा टेम्पो रिकामा केला. साहेब गुडघ्यावर तसाच होता आणि त्याचा तो जुना खांदा थरथरायला लागला होता. त्याच्या हातांतून ती थरथर माझ्या डोक्यात उतरत होती. त्यानं आप्पांना हाक मारली. “आप्पाजी. आप.” आप्पांनी ऐकलं नाही. “आप पकडो. हिलाना नहीं.” आप्पा पुढं आले. त्यांचे तळवे साहेबाच्या तळव्यांखाली सरकले, मग साहेबाचे निघाले. सगळ्यांनी मिळून एकदम, साहेबाच्या इशाऱ्यावर, मला दरवाजावर घेतलं. हाडं बसवणाऱ्या त्या हातांनी तेव्हापासून पुण्यापर्यंत काहीच केलं नाही, नुसतं धरून ठेवलं. त्यापेक्षा अवघड काम त्यांनी जन्मात केलं नसेल.

पाटस, चौफुला, तो रस्ता मी पुढं कितीदा गेलो, आजही जातो. आता चार पदरी झालाय, गुळगुळीत झालाय, तरी तिथला एकेक खड्डा मला माहीत आहे. साहेब माझ्या पायांशी बसला होता. आप्पा गुडघे रोवून डोक्याशी. टेम्पो आदळायच्या आधी त्यांचं अंग सगळा हिसका खायचं आणि तळवे जिथल्या तिथं. मला झोप यायला लागली की ते विचारायचे, “दत्तू, घरी गुरं किती?” “दोन.” “आन् शेळ्या?” “आप्पा, मी मरतोय का?” “शेळ्या किती इचारलं म्या.” भांडगावापाशी उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या आणि सगळं थांबलं. साहेब खाली उडी मारून त्या ट्रॅक्टरवाल्यांवर आपल्या भाषेत बोंबलत सुटला, संपत मागून हात जोडत. मी तेवढ्यात आप्पांना म्हणालो की श्वास घ्यायला जड जातंय. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कपाळावर पडलं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

पुण्याच्या दवाखान्यात माझं डोकं त्यांच्या हातांतून घेताना त्यांची बोटं उघडेनात. नर्सनं एकेक करून सोडवली. मग माझ्या कवटीला दोन बाजूंनी खिळे लावून वजन टांगलं, पुढं ऑपरेशन, मानेत पट्टी आणि स्क्रू. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, त्यांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की मान जरा जरी कुणी फिरवली असती, तर पोरगं तिथंच संपलं असतं. तुम्ही धरून आणलंत म्हणून वाचला. हे बोलणं मी खाटेवरून ऐकलं. आप्पांनी मान खाली घातली. कितीतरी दिवसांनी डाव्या पायाचा अंगठा हलला आणि आई अंगठ्याकडं बघत हुंदके देत राहिली. ओवेन साहेब भेटायला आला तेव्हा त्याच्या हाताला पट्टी होती. दोन बोटं एकत्र बांधलेली. खेळताना लागलं असेल असं मला वाटलं, आणि तो तर त्या दिवशी खेळलाच नव्हता हे तेव्हा डोक्यात आलं नाही. त्याच्या कंपनीला हे प्रकरण नको होतं. त्याला परत बोलावलं होतं. त्यानं संपतकडून एकच सांगितलं, मी तुला पडायला शिकवू शकलो नाही. त्यानंतर तो मला दिसला नाही.

काही महिन्यांनी मी चालत घरी आलो, एक पाय ओढत. उजव्या हाताची मूठ आजही पुरी आवळत नाही आणि मान वळत नाही. कुणी मागून हाक मारली की मी अख्खा वळतो, पोरं त्यावर हसतात, हसू देत. परवा एका शाळेत रग्बीच्या पोरांपुढं मला शाल-नारळ दिला आणि सूत्रसंचालकानं मला “तालुक्यातला पहिला खेळाडू” म्हटलं. कसला खेळाडू? एक उन्हाळा खेळलो मी. माझं सगळं जे काही होणार होतं ते त्या मैदानावर संपलं, आणि जे उरलं ते सांभाळत मी म्हातारा झालो. रडून सांगत नाही. पण कौतुकाचे शब्द ऐकले की तिथून उठून जावंसं वाटतं.

कौतुक तेव्हाही झालं होतं, आप्पांचं. गावोगाव. “वळखलं आप्पांनी! सवताच्या पोराला हात लावला न्हाई, काय काळीज म्हनावं!” बाजाराच्या दिवशी पूर्वीपेक्षा जास्त माणसं ओट्यावर यायला लागली. आणि आप्पा घरातून बाहेरच येईनात. आले तरी हात मांड्यांखाली दाबून बसायचे आणि म्हणायचे, “दवाखान्यात जावा. मला न्हाई येत.” “आवं आप्पा, चेष्टा करताय व्हय?” “न्हाई येत म्हनलं ना!” हळूहळू माणसं थांबली. घर मुकं झालं. आणि मला तर ते चुकूनही शिवत नसत. पाण्याचा तांब्या माझ्या हातात न देता शेजारी जमिनीवर ठेवायचे. मला पूल त्यांनीच शिकवला, त्याचं ते दुःख, असं आई म्हणायची आणि मीही तसंच धरून चाललो होतो.

शेवटी मलाच सहन होईना. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते ओट्यावर एकटेच बसले होते. मी सदरा काढला आणि त्यांच्यापुढं पाठ करून बसलो. “बघा,” म्हणालो. “डॉक्टर बघतो, आई बघती, तुमीच बघत न्हाई. बघा, कशी बसलीय ती.” मग त्यांची बोटं आली, गार, आणि मणका मणका मोजत वर चढली, पट्टी होती तिथं थांबली.

“चांगलं बसिवलंय,” ते म्हणाले.

“तुमी धरून नेलं म्हनून.”

“तसलं बोलू नगं.” त्यांची बोटं पट्टीवरच होती. “तू मला बसवा म्हनला व्हतास. म्या बसवनारच व्हतो. वस्ताद इसरलो, वरड इसरली, समदं इसरलो. साहेब हात सोडंना, म्हनून म्या त्याची करंगळी धरली आन् मागं मोडली.”

मला तो आवाज आठवला. इतके महिने मी तो माझ्या मानेचा समजत होतो.

“मोडली, दत्तू. वाळक्या काडीवानी. त्यानं हात सोडला न्हाई आन् तोंडातनं शबुद काढला न्हाई. नुसतं माझ्याकडं बघितलं. लोकं म्हनत्यात आप्पांनी वळखलं. काय वळखलं म्या? मी तर तुला मारायलाच बसलो व्हतो.”

मला मागं वळून त्यांचं तोंड बघायचं होतं आणि मान वळेना. त्यांचा हात माझ्या मानेवर होता.

“आन् मग,” ते म्हणाले, “त्याच मोडक्या बोटानं त्यानं तुझं डोकं माझ्या हातात दिलं. माझ्याच हातात. कसं दिलं आसंल रं त्यानं?”